देसायांना घाई नाही

“परत?” शालन म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. माझ्या खांद्यावरच्या लांबोडक्या खाकी पिशवीकडे बघून ती हे म्हणाली आणि पुन्हा हातातली कानस चालवू लागली. मी पिशवी फळीवर ठेवली, रुमालानं मान पुसली आणि जमेल तेवढा दुःखी चेहरा करून म्हणालो, “परत.”

चेहरा दुःखी करायला मला बरेच कष्ट पडत. कारण माणगुतीहून कोल्हापूरपर्यंत एस.टी.त मी मनातल्या मनात गुणगुणत आलेला असे. देसायांची नवी रायफल मोडली की माझा दिवस सोन्याचा जायचा.

आमची माणगुती चंदगडच्या अंगाला, रानाला अगदी खेटून. ऊस लावायचा अप्पासाहेब देसायांनी आणि खायचा रानडुकरांनी, अशी तिथली जुनी वाटणी होती. मी देसायांकडे कारभारी होतो. म्हणजे त्यांची पत्रं लिहायची, कोर्टाच्या तारखांना जाऊन पुढची तारीख घेऊन यायचं, आणि ते बोलत असताना मान हलवायची. शिवाय त्यांच्या बंदुकीच्या लायसन्सवर माझं नाव ‘रिटेनर’ म्हणून लागलेलं होतं. रिटेनर म्हणजे मालकाच्या वतीनं बंदूक बाळगू शकणारा नोकर. भारत सरकारनं माझ्यावर आयुष्यात टाकलेला विश्वास तेवढाच.

देसायांकडे दोन रायफली होत्या. दोन्ही अमेरिकन, दोन्ही लिव्हरच्या. चापाखाली बोटं घालायची एक कडी असते, ती खाली ओढायची आणि वर घ्यायची. झाडलेलं काडतूस बाहेर, नवं आत. जुनी रायफल देसायांच्या वडिलांनी संस्थानाच्या काळात घेतलेली. तिची लिव्हर ओढली की असा आवाज यायचा, की जणू कुणी तुपात बुडवून कुलूप उघडतंय. पण तिच्या मापाची काडतुसं देशात यायची बंद झाली होती. असलेलं शेवटचं देसायांनी एका डुकरावर उडवलं होतं आणि ते डुकरालाही लागलं नव्हतं. तेव्हापासून ती भिंतीवर. देसाई दुपारी जेवण झालं की तिला खाली काढत आणि रिकामीच लिव्हर ओढत बसत. खटक, खटक. आतून वहिनीसाहेब विचारत, “झाली का वामकुक्षी?”

नवी रायफल जावईबापूंची. ते शिकागोला असत. अमेरिकेतला मुक्काम कायमचा हलवून मायदेशी परतणाऱ्याला एक बंदूक आणता येते, असा नियम त्यांना कुणी तरी सांगितला. जावईबापू कायमचे परतले, सासऱ्यांच्या नावावर बंदूक झाली, आणि कामापुरते राहून ते परत शिकागोला गेले. ते कायमचे आलेले आहेत असंच सरकार समजून चाललं असावं.

दिसायला नवी म्हणजे जुनीची सख्खी धाकटी बहीण. कंपनी तीच, घाट तोच, शिक्का तोच. काडतुसंही मिळायची. फक्त ती बंदूक नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिचा एक स्क्रू उसाच्या सरीत पडला तो पडलाच. मग लिव्हर अर्ध्यात अडकू लागली. मग खांद्याला टेकवायच्या कुंद्याचं लाकूड, जे लाकडापेक्षा वार्निशच जास्त होतं, ते तडकलं. पुढची माशी एका बाजूला कलली होती. तिच्यावरून नेम धरला तर गोळी शेजारच्या गावात, म्हणजे कर्नाटकात जायची. पण जावयाच्या आहेराला नावं ठेवणार कोण? देसाई म्हणत, थंडीनं आखडली असेल. उन्हाळ्यात म्हणत, तापली असेल. ऋतूंचा उपाय संपला की म्हणत, “सबनीस, तू एस.टी.त आपटली असशील.” मी मान हलवायचो. मग म्हणत, “जा, जिनगराकडून जरा बघून आण. घाई काही नाही.”

धोंडीराम जिनगरांचं दुकान गंगावेशीकडच्या एका बोळात होतं. त्यांच्या वाडवडिलांनी संस्थानची खोगिरं शिवली होती आणि बंदुकांना कुंदे बसवले होते. धोंडीराममामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ही गोष्ट गिऱ्हाइकांना कळू द्यायची नाही असा दुकानाचा रिवाज होता. इनामदार, वकील, निवृत्त फौजदार अशी मंडळी येत, बंदूक मामांच्या हातात देत. मामा ती डोळ्यांजवळ नेऊन “हूं” म्हणत आणि मागे फडताळाच्या आड नेऊन ठेवत. तिथं त्यांची मुलगी शालन बसलेली असे. काम सगळं तिचं. सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि सगळेच मामांच्या नजरेची तारीफ करत.

मला फडताळाच्या आड जायला मिळू लागलं ते नव्या रायफलीच्या कृपेनं. तीच एवढ्यांदा आत गेली, की तिच्याबरोबर मीही घरचा झालो.

शालन माझ्याहून थोडी लहान असेल. सातवीपर्यंत शिकली होती. बोटांची टोकं कायम निळसर, कारण लोखंडाला निळाई चढवण्याचं काम तीच करायची. बोलायची कमी आणि तेही बहुतेक बंदुकीशी. पण हळूहळू त्या बोलण्यात मलाही वाटा मिळायला लागला. नव्या रायफलीचं पोट तिनं पहिल्यांदा उघडलं, तेव्हा मला जवळ बोलावून एक पिन दाखवली होती. ती पिन भरीव नव्हती. पत्र्याची पट्टी गुंडाळून केलेली, पोकळ, विडीसारखी. काडतूस वर उचलणारी आतली पाटीसुद्धा पत्रा ठोकून केलेली. आणि लोखंड कसलं कोण जाणे, त्यावर निळाई धरायचीच नाही. तिनं तीनदा चढवून बघितली. दर वेळी गुळाच्या पाकासारखा तांबूस रंग यायचा. “हिला रंगच लागत न्हाई,” ती म्हणाली, आणि एखाद्या आजारी मुलाबद्दल बोलावं तसं बोलली.

एकदा मी देसायांना गळ घालून जुनी रायफलही घेऊन गेलो. सांगितलं असं की ताडून बघायला हवी. ताडून बघण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त ती शालनच्या हातात बघायची होती. तिनं हात धुतले. ती मांडीवर घेतली. लिव्हर अगदी सावकाश ओढली, सावकाश वर घेतली आणि डोळे मिटून घेतले. मग माझ्यापुढे धरून म्हणाली, “ऐका.” मी कान लावला. तिनं पुन्हा ओढली.

“ही कुणीतरी केलीया,” ती म्हणाली. मग पायाशी पडलेल्या नवीकडे बघून म्हणाली, “ही नुसती झालीया.”

लिव्हरचा आवाज मी देसायांकडे रोज दुपारी ऐकत होतो. तरी त्या दिवशी तो मला नवा वाटला. संध्याकाळची शेवटची एस.टी. गाठेपर्यंत मी तिथंच होतो. मामांनी दोनदा चहा मागवला. काय बोललो ते आठवत नाही. ती बोटं मात्र आठवतात.

बिनकामाचं मला तिथं जाता आलं नसतं का, असं कुणी विचारेल. माणगुतीचा कारभारी कोल्हापूरला उगीच जाऊ शकत नाही. आणि बंदुकीच्या दुकानात उगीच डोकावणाऱ्या माणसाकडे पोलीसही डोकावतात. शिवाय मी सबनीस आणि ते जिनगर. माझ्या आईला हे सांगायचं म्हणजे आधी डॉक्टरला सांगून ठेवावं लागलं असतं. तरी मी मनाशी ठरवलं होतं, की सांगायचं. आधी शालनला, मग डॉक्टरला, मग आईला. फक्त वेळ यायची होती, आणि वेळ आणणारी रायफल माझ्या बाजूची होती. महिना-दीड महिना झाला की ती इमानानं मोडायची. एरवी मी कुठल्याच घसरणीचा भोक्ता नाही, पण अमेरिकेतल्या त्या कारखान्यात काम असंच बिघडत राहो, अशी प्रार्थना मी तेव्हा केलेली आहे.

त्या भाद्रपदात मामांनी बोलता बोलता सांगितलं, हुबळीहून एक स्थळ आलंय. मुलाचं मोटारींच्या वायंडिंगचं दुकान आहे. बघून गेलेत, पसंत आहे. आता आमच्याकडूनच काय ते कळवायचंय. शालन तेव्हा आत चहाची भांडी विसळत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हटलं, वायंडिंगला मरण नाही. असली वाक्यं मला वेळेवर सुचतात.

दसऱ्याच्या चार-आठ दिवस आधी रायफल मोडली. मी तिचा ऋणी झालो.

पण या वेळी देसायांना घाई होती. जावईबापू दसऱ्याला येणार होते. माणगुतीत सीमोल्लंघनाला देसायांचा बार झाल्याशिवाय आपट्याच्या पानाला कुणी हात लावत नाही. आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, दसऱ्याला सूर्य कलला की गावाच्या शिवेवर जाऊन देसायांनी हवेत एक बार काढायचा, आणि तेवढ्यापुरतं फौजदारांनी दुसऱ्या दिशेला पक्षी बघायचे, अशी तिथली पूर्वापार पद्धत. गेल्या दसऱ्याला नवी रायफल अडकली होती. देसायांनी लिव्हरशी झोंबाझोंबी केली, आणि शेवटी कुणीतरी मागून फटाका वाजवला. गाव सोनं लुटायला धावलं, पण देसायांचा चेहरा पडला तो दिवाळीपर्यंत उचलला नव्हता. आता तर जावई समोर असणार.

मी दुकानात पोचलो तेव्हा मामा बाहेर गेलेले होते. शालन एकटीच होती. तिनं “परत?” म्हटलं नाही. पिशवीचे बंद स्वतःच सोडले, रायफल बाहेर काढली, लिव्हर ओढली. ती अर्ध्यात थांबली.

“दसऱ्याला पाहिजे ना?” ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. जावई, शीव, फटाका. फटाक्याला ती हसली. मग हसू गेलं आणि ती रायफलीकडे बघत म्हणाली, “म्हणजे देसायांना काय पाहिजे ते कळलं. बार झाला पाहिजे.”

“झालाच पाहिजे.”

“आणि तुमास्नी?”

याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. एस.टी.त मी त्या वाक्याची तालीम केली होती; शेजारच्या बाईनं उठून जागाही बदलली होती. मी तोंड उघडलं. ती कानस हातात धरून थांबली होती. कानस चालत नव्हती हे मला दिसत होतं. आणि मी म्हणालो, “मी काय, रिटेनर. माझं मत लायसन्सवर घेत नाहीत.”

ती हसली. चांगलं खळखळून हसली. माझ्या आयुष्यातल्या यशस्वी विनोदांत तो वरच्या नंबरचा धरावा लागेल. मीही हसलो. वाटलं, हसली म्हणजे काम अर्धं झालं. उरलेलं पुढच्या खेपेला. बंदूक आपलीच आहे, महिन्याभरात मोडेल.

“उद्या दुपारी न्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामांनी रायफल माझ्या हातात दिली. शालन मागच्या खोलीत होती, पाहुणे येणार होते म्हणे. मी गंमत म्हणून लिव्हर ओढली. आवाजात काही तरी निराळं होतं. पण बोळातून एक बँड चालला होता, माझंही लक्ष मागच्या दाराकडे होतं. मी बंद बांधले आणि निघालो.

दसऱ्याला सूर्य कलला. गाव शिवेवर जमलं. जावईबापू गळ्यात कॅमेरा अडकवून उभे राहिले. फौजदारांना उत्तरेकडे एक पक्षी दिसला. देसायांनी लिव्हर ओढली, रायफल आभाळाकडे केली, आणि असा बार निघाला की रानाच्या पलीकडून तो परत आला. लोक ओरडले. देसायांनी, पद्धत एकाच बाराची असताना, आनंदाच्या भरात दुसरा काढला. मग तिसरा. रिकामी काडतुसं उडून गवतात पडत होती, कुठं अडकणं नाही, अडखळणं नाही. “बघ सबनीस,” देसाई मला मिठी मारून म्हणाले, “नवी वस्तू मुरावी लागते. तुम्हा लोकांना धीर नाही.” जावईबापूंनी आमचा फोटो काढला. त्या फोटोत गावातला एकच माणूस सुतकी दिसतो. आपट्याची पानं हातात घेऊन.

पुढच्या महिन्यात काही मोडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी वाट बघत राहिलो. कधी नव्हे तो देसायांबरोबर रात्रपाळीला उसात जायला लागलो, डुकरं नसली तरी “ते काय हललं” म्हणून बोट दाखवायला लागलो, म्हणजे बार निघत राहावेत. जीपमधून जाताना रायफल मागच्या पत्र्यावर आडवी टाकायचो. एकदा ती पाण्याच्या पाटात पडेल अशी सोय केली. ती चिखलातून काढली, झटकली, लिव्हर ओढली. खटक. तुपात बुडवल्यासारखी. देसाई कौतुकानं म्हणाले, “पोलाद आहे, पोलाद.”

गुऱ्हाळं सुरू झाली, संपत आली. शेवटी माझ्यानं राहवेना. तेलपाणी करून आणतो असं देसायांना सांगून मी धडधाकट रायफल पिशवीत घातली आणि कोल्हापूरला गेलो. या खेपेला मी गुणगुणत नव्हतो. वाक्य पाठ म्हणत होतो, आणि ते अगदी लहान होतं.

दुकानात मामा एकटे होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे मोठे दिसत होते. त्यांनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. “तुम्ही एवढे बारीक हाय व्हय,” ते म्हणाले. फडताळाच्या आडच्या फळीवर धुतलेलं फडकं पसरलेलं होतं. कानशी भिंतीला ओळीनं लावलेल्या.

मी काही विचारायच्या आत त्यांनी सांगितलं. मार्गशीर्षात लग्न झालं. हुबळीला. दसऱ्यालाच होकार कळवला. पोरगी म्हणाली, कळवून टाका. तुम्हाला पत्रिका पाठवायची राहिली, गडबडीत देसायांचा पत्ता सापडला नाही. सगळं छान झालं. जावई चांगला आहे. दुकानात तिला कामाला हात लावू देतो.

चहा आला. मामांनी रायफल उजेडाला धरली, लिव्हर ओढली, पुन्हा ओढली, आणि चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. “हिला काय झालंय?”

“जरा जड वाटली,” मी म्हणालो.

“जड?” त्यांनी स्क्रू काढून आत बघितलं. “हिला आता काय व्हायचं न्हाई. पोरीनं भरीव पिना बसवल्यात. पाणी दिलेल्या. तुमच्या देसायांच्या नातवाला पुरतील.”

“दसऱ्याच्या वेळी केल्या वाटतं.”

“बसवल्या दसऱ्याला. केल्या तवाच हुत्या, तुम्ही पहिल्यांदा घेऊन आलासा तवा. दिवसभर खपून कातल्या, आणि डबीत घालून ठिवल्या. दर खेपंला हिच्यात पत्र्याचीच पिन घालायची. मी म्हणायचो, अगं केल्यात तर बसव की. तर म्हणायची, राहू द्या दादा. देसायांना घाई न्हाई.”

मामा फुंकर मारून आतला भुसा उडवत होते. माझ्या चहावर साय धरली. मी ती बोटानं बाजूला केली, ती पुन्हा मध्ये आली.

“बाकी तुमच्या बंदुकीनं आमचं नाव घालवलं बघा,” मामा स्क्रू पिळत म्हणाले. “शालनच्या हातचं काम कदी परत आलं न्हाई. सगळ्या जिल्ह्यात तुमचंच तेवढं यायचं.”

त्यांनी रायफल पुसून माझ्यापुढे ठेवली. मी ती पिशवीत घालायला घेतली आणि हात थांबला. आजही नेमकं सांगता येत नाही की मला काय हवं होतं. हुबळीची एस.टी. माझ्या एस.टी.च्याच स्टँडवरून सुटायची आणि तिच्यात बसण्याचा मला काही हक्क नव्हता. पण रिकाम्या फळीकडे बघत मी म्हणालो, “मामा, यातली एखादी पिन जरा सैल करून द्याल?”

मामांनी चष्मा काढला. काढल्यावर त्यांना मी दिसेनासा झालो असणार, पुन्हा लावला.

“सबनीस,” ते म्हणाले, “ह्या दुकानातनं सैल काम आजवर बाहेर गेलेलं न्हाई.”

“हो,” मी म्हणालो. “ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, मामा.”

आणि पिशवीचे बंद बांधायला बसलो. त्या दिवशी ते बांधायला मला फार वेळ लागला.